घराजवळचा चढ

गेल्या महिन्यात चिकोडीहून माझा एक पुतण्या रात्रीच्या मुक्कामाला आला. आला मोटारीने, पण मोटारीच्या पाठीवर लोखंडी चौकट बसवून तिला एक देखणी, हलकी, बारीक चाकांची सायकल पट्ट्यांनी जखडलेली होती. जेवताना चौकशी केली तेव्हा कळले की स्वारी पहाटे पन्हाळ्याला निघणार आहे. मोटार वाघबिळापाशी लावायची, तिथून सायकलीवर गड चढायचा, वर चहा घ्यायचा, खाली यायचे, सायकल पुन्हा चौकटीला बांधायची आणि दुपारच्या जेवणाला चिकोडी गाठायची. मी मनातल्या मनात हिशेब केला. जाऊनयेऊन दीडशेच्या वर किलोमीटर मोटार, आणि सायकल जेमतेम पंधरा-वीस.

"अरे, मग चिकोडीतच का चढत नाहीस?" मी विचारले.

"चिकोडीत चढ कुठाय, काका? सगळा ऊस आणि सपाटी!"

मी हसलो नाही. मुलगा पहाटे चारला उठतो, घाम गाळतो, व्यसनापासून दूर आहे. त्याला हसणे शोभणारे नव्हते. पण त्याचे ते वाक्य रात्रभर मनात घोळत राहिले. ज्या गावात त्याच्या चार पिढ्या गेल्या, ज्या गावच्या वेशीपासून मी लहानपणी शेकडो वेळा धापा टाकीत सायकल ढकलली, त्या गावात चढ नाही, असे तो अगदी प्रामाणिकपणे म्हणत होता. मोटारीच्या काचेतून चढ दिसत नाही, हे खरे. इंजिनाचा आवाज किंचित बदलतो, एवढेच. चढ हा डोळ्यांना दिसण्यापेक्षा मांड्यांना कळतो. ज्या गावात पायांनी फिरणे संपले, त्या गावातले चढही संपले. तेव्हा पुतण्याचे चुकले असे म्हणण्यापेक्षा, आपण त्याला त्याचे गाव दाखवले नाही, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

सायकल आपल्या भागात काही आज आलेली नाही. बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान थाटले ते १८८८ साली. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत आणि बेळगावची बाजू थोरले बंधू रामुअण्णा सांभाळीत. पुढे लोखंडी नांगर आला, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. आपल्या या दक्षिण महाराष्ट्र-कर्नाटकच्या पट्ट्यातील यंत्रयुगाचा एक मोठा ओघ असा सायकलीच्या दुकानातून निघालेला आहे. त्या काळी सायकल ही साहेबाची आणि बड्या वकिलांची चैन होती. स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना येथे कारखाने निघाले आणि ती चैन दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या, मास्तरांच्या घरी गेली. नंतर फटफटी आली आणि सायकल ही गरिबीची खूण झाली. आणि आता पुन्हा, लाखाच्या आसपास किंमत असलेली सायकल मोटारीवर बांधून हिंडवण्यात प्रतिष्ठा वाटू लागली आहे. चाक पुरे फिरून आले आहे. मधल्या काळातले एक मात्र हरवले: घरच्या उंबऱ्यापासून सायकलीवर टांग टाकण्याची सवय.

आमचे अण्णा चिकोडीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. खेड्यापाड्यांत पीक पाहायला, उचल द्यायला, वसुलीला ते सायकलीवर जात. काळी, उंच, चोवीस इंची सायकल. दांडीला कापडी पिशवी, मागे कॅरियर, आणि पुढे नगरपालिकेचा बिल्ला. अण्णांची एक रीत होती. चढ आला की ते खाली उतरत, सायकल डाव्या हाताला घेत आणि शांतपणे चालू लागत. वर पोचले की टोपी काढून घाम पुसत, मागे वळून गावाकडे एकवार पाहत, आणि मग पुन्हा टांग टाकीत. या उतरण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. मला मात्र वाटे. तासाच्या भाड्याने सायकल आणून, दांडीच्या मधून पाय घालून शिकलेला मी. माझा हट्ट असे की उतरायचे नाही. मी उभा राहून पायडल मारी, सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी नेई, आणि अर्ध्यावर धपकन पाय टेकी. अण्णा मागून चालत येत आणि काही न बोलता पुढे निघून जात.

पुष्कळ वर्षांनी मला त्यामागचे साधे गणित कळले. त्या जुन्या सायकलीच्या पुढच्या चक्राला मागच्यापेक्षा सुमारे अडीचपट दाते असत. म्हणजे पायडलाची एक फेरी झाली की सायकल साडेपाच मीटरांच्या आसपास पुढे जाई. शंभर मीटरला पाच मीटर अशी चढण असेल, तर त्या एकाच फेरीत माणसाने स्वतःला आणि सायकलीला सव्वा वीत वर उचलायचे. गियरच्या सायकलीत हेच अंतर दोन मीटरांवर आणता येते. मग एका फेरीत उचलायचे ते अर्धी वीत. काम एकूण तेवढेच, पण हप्त्याहप्त्याने. सावकाराने मुद्दल सोडलेले नाही. फक्त हप्ते लहान करून दिले आहेत. अण्णांच्या सायकलीला ही सवलत नव्हती, म्हणून ते पायी हप्ते भरीत.

उतरून चालण्याची ज्यांना लाज वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फ्रान्स देशाची प्रदक्षिणा घालणारी जी प्रसिद्ध सायकल शर्यत, ती १९०३ साली सुरू झाली. १९१० साली ती प्रथमच पिरेनीज पर्वतातील तुरमाले या २,११५ मीटर उंचीच्या खिंडीवरून नेण्यात आली. जगातले निवडक सायकलपटू ते. पण त्या दिवशी त्यांच्यातल्या बहुतेकांनी खिंडीचा काही भाग सायकल ढकलीत पायीच काढला. त्या वर्षी शर्यत जिंकणारा लापीझही उतरला होता. चालताचालता गियर बदलण्याची यंत्रणा वापरायला त्या शर्यतीत परवानगी मिळाली ती १९३७ साली. म्हणजे चढावर उतरणारे आमचे अण्णा काही वाईट संगतीत नव्हते. आपल्याकडेही मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब देतात, आणि शर्यत कोणी जिंकली हे विसरणारे लोकही घाटाचा राजा कोण हे लक्षात ठेवतात. चढाचा मान निराळाच असतो.

पण हे झाले राजेलोकांचे. माझा मुद्दा रयतेचा आहे. तुम्हीआम्ही, ज्यांना किताब नको, ज्यांना फक्त सकाळी तासभर शरीर हलवायचे आहे आणि मन ताळ्यावर ठेवायचे आहे, त्यांनी चढ कुठे शोधावा? माझे उत्तर असे, की तो घरापासून सायकलीवर जाऊन न्याहारीच्या वेळेला परत येता येईल एवढ्या अंतरावरच शोधावा. आणि शोधला तर तो बहुधा सापडतो.

शोधण्याची पहिली खूण पाण्याची. जो रस्ता एका नदीच्या खोऱ्यातून दुसरीच्या खोऱ्यात जातो, त्याला मधला उंचवटा ओलांडल्यावाचून गत्यंतर नसते. निपाणी सोडून बेळगावच्या वाटेला लागले की तवंदीचा घाट लागतो. त्याच्याच अंगाला स्तवनिधी हे जैनांचे जुने क्षेत्र आहे. हा घाट तिथे का आहे? कारण अलीकडचे पाणी वेदगंगेला जाते आणि पलीकडचे, संकेश्वरकडचे, हिरण्यकेशीला. वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला. हिरण्यकेशी घटप्रभेला मिळते, आणि घटप्रभाही पुष्कळ पूर्वेला जाऊन अखेर कृष्णेलाच. पावसाचे दोन थेंब घाटमाथ्यावर हातभर अंतराने पडतात, निरनिराळी गावे पाहत निरनिराळ्या वाटांनी जातात आणि शेवटी एकाच नदीत भेटतात. चिकोडीचा पुतण्या ज्या सपाटीची तक्रार करतो ती कृष्णा-दूधगंगेच्या काठची सपाटी. अंकलीच्या पुलाकडची, सदलग्याकडची. तिथे ऊस आहे हे खरेच. पण नदीकडे जाताना सायकल सहज धावते आणि घरी येताना पाय भरून येतात, याचा अर्थ गाव वर आहे. आणि गावाच्या दक्षिणेला पाठ करून बसलेल्याला तिकडचा माळ कसा दिसणार?

दुसरी खूण देवांची आणि गडांची. आपले देव उंच जागी बसतात आणि जुने राजेही तेच करीत. कोल्हापूरकरांना जोतिबा आणि पन्हाळा आहेत. संकेश्वरकरांना हरगापूरचा वल्लभगड आहे. गडहिंग्लजकरांना सामानगड आहे, जिथे १८४४ साली गडकऱ्यांनी बंडाचे निशाण उभारले. तिसरी खूण अगदी गद्य: गावाची पाण्याची टाकी. ती बांधणाऱ्याने उंच जागा हुडकण्याचे तुमचे काम आधीच करून ठेवलेले असते. आणि चौथी खूण म्हाताऱ्यांची. ज्यांनी बैलगाडी हाकली त्यांना विचारा की गाडीवान कुठे खाली उतरून चाकाला खांदा लावीत. ते बोटाने दाखवतील. नकाशा काढणाऱ्या कोणाही अधिकाऱ्यापेक्षा बैलाला चढ अधिक चांगला कळतो.

पुतण्याच्या त्या वाक्याने मला स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून मी आठवडाभर चिकोडीला जाऊन राहिलो. आमच्या मूळ घराच्या पडवीत एक सायकल धूळ खात होती. तिचे ब्रेकचे रबर बदलून घेतले, चेनला तेल दिले आणि भल्या पहाटे दक्षिणेच्या अंगाला निघालो. हमरस्ता सोडून एका आडवाटेला वळलो. वय सदुसष्ट; चाळीस वर्षांत सायकल अशी मनापासून चालवलेली नाही. पहिल्या पाच मिनिटांतच छातीचा भाता झाला. पाय टेकले. लहानपणचा हट्ट आठवला, अण्णा आठवले, आणि सायकल डाव्या हाताला घेऊन चालू लागलो.

तेवढ्यात मागून कॅन अडकवलेला एक दूधवाला आला. तोही उतरून चालत होता. माझी अवस्था पाहून म्हणाला, "निधान, री! निधान!" कन्नडमध्ये 'निधान' म्हणजे हळू, सावकाश. चिकोडीत वाढलेल्याला तेवढे कन्नड येतेच. पण इतकी वर्षे कोल्हापुरात काढल्यामुळे असेल, माझ्या कानांनी तो शब्द आधी मराठी अर्थाने ऐकला. मराठीत निधान म्हणजे ठेवा. शब्द दोन्ही घरी एकाच संस्कृतातून आलेला. एका बहिणीने त्याला सावकाशीला लावला, दुसरीने ठेव्याला. त्या चढावर उभे राहून मला वाटले की दोघींचेही बरोबर आहे. आम्ही दोघे बरोबर वर चढलो. त्याने दुधाचा भाव सांगितला, मी कोल्हापूरचा सांगितला. तो कन्नडमध्ये बोलत होता, मी मराठीत, आणि दोघांनाही दम लागलेला असल्यामुळे वाक्ये आखूड होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चिकोडी तालुका मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या गोष्टीची सल आणि त्यावरचा वाद, जो २००४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, या पानाच्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. वाद आपल्या जागी. ज्यांनी तो लढवायचा ते लढवोत. मला एवढेच म्हणायचे आहे की गावावर हक्क सांगणाऱ्याला गावाचे चढउतार ठाऊक असावेत. जी माती आपली म्हणायची तिच्यावरून मोटारीच्या काचा वर करून जायचे आणि चढासाठी शंभर कोस धावायचे, यात काहीतरी विसंगती आहे.

माथ्यावर पोचल्यावर मुलाने माझ्या फोनमध्ये घालून दिलेले उंचीचे यंत्र पाहिले. पायथ्यापासून साठ मीटर. फक्त साठ! पन्हाळा समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच. त्यापुढे हे काय? क्षणभर मीही खट्टू झालो. मग हिशेब मांडला. एव्हरेस्टची उंची ८,८४८ मीटर. अलीकडे जगभरच्या सायकलवाल्यांत एक वेड आहे: कोणतीही एक टेकडी घ्यायची आणि एकाच दमात ती इतक्या वेळा चढायची की चढाईची बेरीज एव्हरेस्टएवढी व्हावी. ते वेड माझ्या वयाला झेपणारे नाही. पण साठ मीटरांचा हा नाव नसलेला चढ रोज एकदा चढला, तर एकशे अठ्ठेचाळिसाव्या दिवशी एव्हरेस्टची बेरीज पुरी होते. दिवाळीला सुरुवात केली तर गुढीपाडव्याच्या सुमारास. आणि रोज न्याहारीला घरी!

यावर कोणी म्हणेल, रोज तोच चढ चढण्यात काय गंमत? नवे डोंगर, नवे घाट पाहण्यातच खरा आनंद. या आक्षेपाला उत्तर देताना मला औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आठवतात. त्यांनी आपल्या संस्थानात सूर्यनमस्काराचा प्रसार केला आणि स्वतः नेमाने नमस्कार घातले. नमस्कार तोच, जागा तीच, सतरंजीही तीच. 'हा नमस्कार एकदा घालून झाला, आता दुसरा नवा दाखवा,' असे कोणी म्हणत नाही. रोजच्या त्याच कृतीत माणूस स्वतःलाच मोजत असतो. कालच्यापेक्षा आज कुठे पाय टेकला? बाभळीपाशी, की पुलाच्या मोरीपाशी? चढ बदलत नाही, म्हणूनच आपण किती बदललो ते त्याच्यावर कळते. प्रवासाला गेल्यावर नवा घाट जरूर चढावा. तो सण आहे. पण सणावर घर चालत नाही. घर रोजच्या भाकरीवर चालते.

आणखी एक. रोजच्या चढाला ऋतू असतात, आणि ते पाहुण्याला दिसत नाहीत. आषाढात आपल्याकडे पश्चिमेचा वारा असा सुटतो की सपाट रस्ताच चढ होतो. त्या महिन्यांत पश्चिमेकडे तोंड करून निघावे, म्हणजे येताना वारा पाठीशी येतो. श्रावणात माळ हिरवा होतो, पण कडेची माती निसरडी असते. दिवाळीनंतर ज्वारीला कणसे धरू लागतात. त्याच सुमारास ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो आणि एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता व्यापून टाकतात. पहाटेच्या धुक्यात त्यांच्या मागे दिवा असेलच असे नाही. हे सारे ज्याला ठाऊक आहे, तो त्या रस्त्याचा रहिवासी. बाकीचे प्रवासी.

दिव्याची गोष्ट निघालीच आहे, तर धोक्याचेही स्पष्ट बोलले पाहिजे. तवंदीच्या घाटाचे मी वर कौतुक केले ते भूगोलापुरते. पुणे-बेंगळूर महामार्गावरचा तो घाट अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. भरधाव अवजड गाड्यांच्या त्या ओघात हौसेने सायकल घालणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. महामार्ग सायकलीचा नव्हे. आडवाटा शोधाव्यात. उतार हा चढापेक्षा अधिक घातक, म्हणून ब्रेक आधी पाहावेत आणि सायकल मग. हृदयाचा विकार असणाऱ्याने, किंवा माझ्यासारख्या साठी उलटलेल्याने, डॉक्टरांना विचारूनच चढाला भिडावे, आणि भिडल्यावरही दूधवाल्याचा शब्द ध्यानात ठेवावा. बोलता येईल एवढाच दम लागू द्यावा. बोलणे तुटले की उतरावे. उतरणे ही हार नव्हे, हे तर फ्रान्सच्या विजेत्यानेच सांगून ठेवले आहे.

महागड्या सायकलीची तर अजिबात आवश्यकता नाही. गियरची साधी सायकल असली तर हप्ते लहान होतात, एवढाच फायदा. पण पडवीतली जुनी सायकलही चढते. फक्त तिच्या बरोबरीने थोडे चालावे लागते.

आता जे सांगायचे ते थोडे संकोचाचे आहे. आमची ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिने माझ्या आधी सायकल शिकली, हे आमच्या घरात पुष्कळांना ठाऊक नाही. भर दुपारी, मोठी माणसे निजलेली असताना, भाड्याची सायकल घेऊन ती गावाबाहेर जाई. एके दिवशी ती त्याच दक्षिणेच्या चढावर, माथ्यापर्यंत, न उतरता गेली. येताना कोणा परिचिताने पाहिले आणि घरी येऊन सांगितले. मोठी रागवारागवी झाली असे नाही. आपल्यासारख्या घरांत ती फारशी होतही नसे. आजी एवढेच म्हणाली, "आता पुरे हो." आणि ते पुरे झाले. पुढच्या वर्षी घरात सायकल आली, ती माझ्यासाठी आली. मी ती घेतली, आणि ताईला कधी विचारलेही नाही.

आपल्या जुन्या, मानाच्या म्हणवणाऱ्या घरांनी आपल्या मुलींपासून किती चढ असे हळूच काढून घेतले असतील! पुढे २००६-०७ पासून कर्नाटक सरकारने आठवीतल्या मुलामुलींना सायकली देण्याची योजना काढली आणि चिकोडीच्या आसपासच्या खेड्यांतल्या मुली रांगेने सायकलीवर शाळेला जाताना दिसू लागल्या. ज्यांच्या आयांना नदीवर जाण्याचीच काय ती मुभा होती, त्यांच्या मुली डोळ्यांसमोर चढ चढून गेल्या. सुधारणेच्या व्याख्याने देणाऱ्या आमच्यासारख्या घरांना जे जमले नाही, ते एका साध्या सायकलीने केले. म्हणून मला वाटते की सायकलीच्या हौशी मंडळ्या काढणाऱ्या तरुणांनी भारी टोप्या आणि रंगीत सदरे यांपेक्षा एक गोष्ट आधी करावी: घरातल्या बहिणीला, बायकोला, आईला बरोबर घ्यावे. चढावर बायकापुरुषांचा वेग फार निराळा नसतो. सगळ्यांनाच धाप लागते.

आणि शेवटचा मुद्दा, जो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. ज्या टेकडीवर कोणी जात नाही, ती टेकडी गावाची राहत नाही. रस्त्याला मुरूम लागतो, घराच्या जोत्याला भर लागते. ती कुठून तरी उपसायचीच असते. जिथे रोज सकाळी दहा माणसे जातात, तिथे पहिला खड्डा पडला की दहा तोंडे बोलू लागतात. जिथे कोणीच जात नाही, तिथे डोंगर अर्धा झाला तरी गावाला पत्ता लागत नाही. देवळे असलेल्या टेकड्या राहिल्या, कारण तिथे पावले वाजत राहिली. बिनदेवाच्या टेकड्यांना ही पावले आपण दिली पाहिजेत. गावाने फार काही करू नये. एक आडवाट निवडावी, तिची डागडुजी करावी, काटेरी झुडपे वेळच्या वेळी छाटावीत, माथ्यावर एक दगडी बाक टाकावा आणि चार झाडे लावावीत. एवढे केले की बाकीचे चढ स्वतः करील.

चिकोडीहून परत आलो आणि ताईला फोन करून हे सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, माथ्यावर उजव्या हाताला एक मोठा सपाट धोंडा होता. आहे का रे अजून?"

मी पाहिला नव्हता. दमून खाली बसलो होतो, आणि उंचीचा आकडा पाहण्यात गुंतलो होतो. तिने मात्र तेरा-चौदाव्या वर्षी एकदाच पाहिलेला धोंडा साठ वर्षे जपून ठेवला होता.

येत्या पंधरवड्यात पुतण्या तिला आणि मला तिकडे नेणार आहे. माथ्यापर्यंत मोटार जात नाही, म्हणून शेवटचा टप्पा चालतच. सायकल मी बरोबर घेणार आहे. चढता आले नाही तर डाव्या हाताला धरीन. आणि उतरताना, ताईची इच्छा असली आणि गुडघ्यांनी परवानगी दिली, तर सपाटीला आल्यावर सायकल तिच्या हाती देईन. ती परत करायला मला फार उशीर झाला आहे.